अकराव्या सॅकची जोडी

नोकरीच्या अर्जात शेवटचा रकाना होता, 'विशेष अनुभव'. माझ्याकडं बी.कॉम.ची पदवी होती, टायपिंगचं सर्टिफिकेट होतं आणि वैजापूरच्या वसतिगृहात नऊ वर्षं पातळ वरण खाल्ल्याचा अनुभव होता. पण तो तिथल्या सगळ्याच मुलांना होता, त्याला विशेष कसं म्हणणार? आमच्या शाळेतल्या सरांनी शिकवलं होतं की पेपरात एकही प्रश्न कोरा सोडू नये. काही ना काही लिहावं, तपासणाऱ्याला दया येते. त्या सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. म्हणून मी लिहिलं, 'डोंगरात उघड्यावर राहण्याचा अठरा वर्षांचा अनुभव.'

हे निखालस खोटं नव्हतं. आमचं घर मेंढपाळांचं. दिवाळी झाली की आई-वडील मेंढरं, दोन घोडी आणि सगळा संसार घेऊन गाव सोडायचे ते मृगाच्या सुमारास परत यायचे. मधल्या काळात आज या शेतात, चार दिवसांनी त्या माळावर, असा त्यांचा मुक्काम हलत राहायचा. या हलत्या मुक्कामाला आमच्याकडं वाडा म्हणतात. म्हणजे अनुभव घरात होता, फक्त तो मला नव्हता. मला सहाव्या वर्षी मामाकडं शाळेत ठेवलं, पुढं वसतिगृहात. सुट्टीत वाड्यावर गेलो की मला घोंगडीवर बसवून ठेवायचे. मी घोड्याजवळ फिरकलो तरी माय ओरडायची, "तू नगं हात लावू. तू पुस्तक वाच." मी आज्ञाधारक होतो, वाचत बसायचो. माझ्याभोवती भांडी बांधली जायची, कोकरं गोळा व्हायची, आणि शेवटी कुणीतरी माझ्या खालची घोंगडी ओढली की निघायची वेळ झाली हे मला कळायचं.

एवढ्या अनुभवावर मला शहराबाहेरच्या एका नव्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये शिकाऊ म्हणून घेतलं. शहराचं नाव पाट्यांवर तेव्हा औरंगाबादच होतं. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवली होती आणि शहर मात्र पाणी घातल्यासारखं वाढत होतं. आम्ही चौघं शिकाऊ होतो. मार्चअखेर आमच्यातलं कोण कायम होणार आणि कोण घरी जाणार, हे ठरायचं होतं. आमच्या सात पिढ्यांत कायम हा शब्द कुणाला लागलेला नव्हता. तो मला लागावा म्हणून मी इतका झुरत होतो, की कँटीनमध्येसुद्धा दुसऱ्यांदा भाजी मागत नव्हतो.

ठरवणारे होते मनुष्यबळ विभागाचे साहेब. ते पुण्याहून आलेले आणि वाचनाचे शौकीन. त्यांनी कुठंतरी वाचलं की माणूस ऑफिसात कळत नाही, जंगलात कळतो. लगेच त्यांनी कन्नडच्या डोंगरात तीन दिवसांचा कॅम्प ठरवला. आम्ही चौघं शिकाऊ, ऑफिसातले सहा जण आणि स्वतः साहेब, असे अकरा जण. सोबत गाईड, पाठीवर सामान आणि उघड्यावर झोपणं. "तिथं नेतृत्व दिसेल," साहेब म्हणाले, "आणि मार्चअखेरचा निर्णय मी तिथंच घेणार." मग त्यांनी माझा अर्ज काढला. शेवटचा रकाना त्यांनी दोनदा वाचला आणि माझ्याकडं ज्या आदरानं बघितलं, त्या आदरानं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"अठरा वर्षं! अरे, मग साहित्यप्रमुख तूच. अकराही जणांच्या सॅक तूच भरायच्या. सगळं एकसारखं, एका हातानं झालेलं पाहिजे."

मी म्हणालो, "आभारी आहे, सर."

दुसऱ्या दिवशी गाईड आला. त्याच्या पँटला इतके खिसे होते की खिशांच्या मधे कुठंकुठं पँट होती. त्यानं आम्हाला मीटिंग हॉलमध्ये बुटाच्या नाडीवर पाच प्रकारच्या गाठी शिकवल्या आणि सामानाची यादी दिली. यादी त्यानं हिमालयातल्या कुठल्याशा मोहिमेसाठी केलेली होती; डोंगर तो डोंगर, या समजुतीनं तीच आम्हाला मिळाली. लोकरीचे हातमोजे, कानटोपी, रेनकोट, डोक्याला बांधायचा टॉर्च, आणि बर्फ बुटात जाऊ नये म्हणून पोटरीला बांधायचे पट्टे. होळी होऊन गेली होती. कारखान्याच्या पत्र्यावर पापड भाजले असते. पण मी ती यादी घडी घालून, देवाच्या अंगाऱ्यासारखी शर्टाच्या खिशात ठेवली. शिकलेल्या माणसानं छापील कागदाला शंका विचारायची नसते.

यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली होती. त्यामुळं बँडेज वरच्या बाजूला होतं आणि पाणी अगदी तळाला, शिट्टी आणि लोकरीच्या हातमोज्यांच्या शेजारी. पाण्यापुढं लिहिलं होतं, 'दोन बाटल्या, रिकाम्या. नैसर्गिक स्रोत कॅम्पवर उपलब्ध.'

भाड्यानं आणलेलं सगळं सामान खोक्यांतून माझ्या गारखेड्यातल्या खोलीवर येऊन पडलं. मी आणि माझा पार्टनर त्या खोलीत राहायचो. तो शहरातच वाढलेला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. खोक्यांवरून उड्या मारत तो आपल्या कॉटपर्यंत पोचला, यादी वाचली आणि म्हणाला, "मियाँ, ये लिस्ट है के दहेज का सामान?"

अकरा रिकाम्या सॅक भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांत काय आधी, काय नंतर भरायचं, याची मला काडीची कल्पना नव्हती. मी एक भरून बघितली. ती उभी केली की आडवी पडायची, आडवी ठेवली की तिच्यातून स्वयंपाकाचा डाव बाहेर यायचा. तीन तास झटून मी एकच सॅक भरली आणि मग आठवलं की तिच्यात झोपायची पिशवी राहिलीच. शेवटी वडिलांना फोन लावला.

"मला कामून इचारतो?" आबा म्हणाले. "म्या मेंढरं हाकतो. ओझी तुझी माय बांधती. तिलाच इचार." आणि मग पलीकडं तोंड करून ओरडले, "आगं ये! पोराला बिऱ्हाड बांधता येईना तुझ्या!"

त्या महिन्यात वाडा बिडकीनजवळ होता. तिथं कारखान्यांसाठी घेतलेल्या जमिनींवर मोठे रस्ते झाले होते, रस्त्यांना दिवे लागले होते, आणि कारखाने यायचे होते. ते येईपर्यंत दोन प्लॉटच्या मधलं वाळकं गवत आमची मेंढरं खात होती. त्या सहापदरी रस्त्यावर तेव्हा वाहतूक म्हणून काय ती आमचीच. तिथून काळीपिवळीत बसून माय दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीवर हजर झाली. काखेत लोकरीच्या दोऱ्यांचं वेटोळं होतं. आबांनी वळलेल्या दोऱ्या.

तिनं खोलीभर नजर फिरवली. "कोण चाललंय? वऱ्हाड हाय का?"

मी तिला यादी वाचून दाखवली. ती प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघत गेली. रेनकोटवर थांबली.

"ह्ये काय?"

"रेनकोट. पाऊस आला तर."

"पाऊस येणार हाय असं हेन्ला कुणी सांगितलं? आमाला तर कुणी बोललं नाय." तिनं तो रेनकोट पार्टनरच्या कॉटवर टाकला. हातमोज्यांची जोडी हातात घालून बघितली, बोटं हलवली, काढली. "भाकर कशी थापायची हेच्यातून?"

"चाची, पहाड पे भाकर नहीं थापते, बिस्किट खाते," पार्टनर म्हणाला.

"मंग कशाला चाललेत एवढ्या लांब? बिस्किट हितं मिळत नाय व्हय?"

मग तिनं मला विचारलं, "उतरल्यावर पयलं काय लागंल?"

मी यादी बघितली. यादीत पहिलं बँडेज होतं. मी म्हणालो, "बँडेज."

माय माझ्याकडं बघत राहिली. नऊ वर्षं वसतिगृहात, तीन वर्षं कॉलेजात, हे सगळं त्या नजरेतून गेलं. "पाणी," ती म्हणाली. "पाणी कुठं हाय तिथं?"

"तिथं आहे. नैसर्गिक स्रोत. गाईडनं लिहून दिलंय."

"कोण बघून आलं?"

मी गाईडला फोन केला. तो म्हणाला, "डोंट वरी, तळं आहे मोठं. मी स्वतः कॅम्प केलाय तिथं." मी मायला हे सांगितलं. ती म्हणाली, "ते आसंल. कोण बघून आलं, आसं इचारते मी. ह्या महिन्यात." आमच्याकडं वाडा हलवण्याआधी एक माणूस पुढं जाऊन चारा आणि पाणी बघून येतो, त्याशिवाय घोड्यावर ओझं चढत नाही. हे मला माहीत होतं, म्हणजे वाचून माहीत असल्यासारखं. पण गाईडला पुन्हा फोन करून 'कोण बघून आलं' असं विचारायची माझी छाती झाली नाही. माणूस हिमालयात जाऊन आलेला, आणि मार्चअखेर जवळ आलेला.

माझी पहिली शिफ्ट होती. "तू जा," माय म्हणाली. "म्या बांधून ठेवते. तू नगं हात लावू." मीही लहानपणासारखाच निघालो.

चार वाजता परत आलो तर खोली झाडून काढलेली आणि अकरा सॅक भिंतीला लावलेल्या. एक आडवी नाही, एक कलंडलेली नाही. प्रत्येकीला वरून लोकरीची दोरी आवळलेली, कारण मायचा चेनवर भरवसा नव्हता. "चेन म्हंजी लबाडाचं तोंड. कवा उघडंल नेम नाय," ती म्हणाली. सॅक दोन-दोनच्या जोड्यांनी ठेवल्या होत्या. चार सॅकमध्ये सगळी अंथरुणं. दोनमध्ये सगळ्यांचे कपडे. एकीत अकरा ताटं, वाट्या, पातेली आणि डाव, तिच्या जोडीच्या सॅकमध्ये तितक्याच वजनाचा तांदूळ, डाळ आणि बिस्किटं. एकीत अकरा टॉर्च, अकरा शिट्ट्या, औषधं आणि यादीतल्या रिकाम्या बाटल्या, तर तिच्या जोडीला सगळ्यांचे मोजे आणि पोटरीचे पट्टे.

आज हे वाचणाऱ्याला लगेच कळलं असेल की घोटाळा काय झाला. मला कळला नाही. मी स्टोअरचा माणूस. स्टोअरमध्ये नट एका खणात, बोल्ट दुसऱ्या खणात. एक नट, एक बोल्ट आणि एक वायसर असा संसार प्रत्येक खणात थाटला तर साहेब हाकलून देतील. मायची बांधणी बघून मला वाटलं, इतकं शास्त्रशुद्ध काम मी आमच्या स्टोअरमध्येही बघितलेलं नाही. आणि तिचं म्हणाल तर तिनं जन्मभर घोडं भरलं होतं. घोड्याच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन लागतं, नाहीतर घोडं वाकडं चालतं आणि पाठ सोलते. आणि वाड्याची चूल एकच असते. भांडी एका ओझ्यात, अंथरुणं एका ओझ्यात. मुक्काम सगळ्यांचा एकदमच उतरतो.

"ही अकरावी?" मी विचारलं. ती एकटीच दाराजवळ होती.

"तिला जोडी नाय. तुमच्या वाटाड्याचं ओझं आणून दे, म्हंजी सा जोड्या व्हतील."

गाईड स्वतःची सॅक कुणाला हात लावू देत नव्हता, हे मी तिला सांगितलं.

"मंग जोडी नसलेलं ओझं बांधणाऱ्याच्या डोक्यावर. आमच्यात तसंच हाय. ही तू घे."

मी ती उचलायला गेलो. ती उठली नाही. मायनं तिच्यात पाण्याचे पाच-पाच लिटरचे चार कॅन घातले होते. गारखेड्यात तेव्हा नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. मी ड्रमकडं बघितलं, ड्रम तळाला गेला होता. पार्टनर कॉटवर बसून त्या ड्रमकडं वारलेल्या माणसाकडं बघावं तसं बघत होता.

"चाची, नल परसों आता."

"मंग? दोन दिस आंगोळ नगं करू. तसाबी कुठं करतो."

पाण्याला जागा करायला तिनं रेनकोट, हातमोजे आणि कानटोप्या कॉटखाली सारल्या होत्या. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जाताना तिनं मला गाठ समजावली, "ह्ये टोक वढलं की एका हिसक्यात सुटती. ह्ये दुसरं वढलं तर आवळती. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं, आणि सकाळपर्यंत विसरलो.

सकाळी सहाला कारखान्याच्या गेटजवळ सगळे जमले. गेटच्या आत टँकरच्या पाण्यावर हिरवीगार राखलेली लॉन होती, तिच्यावर अकरा सॅक ओळीनं ठेवल्या. साहेब खूश झाले. "बघा, ह्याला म्हणतात अनुभव," ते इतरांना म्हणाले. प्रत्येक सॅकला नावाची चिठ्ठी होती. मायला अक्षरओळख नाही, त्यामुळं चिठ्ठ्या कुठंही लागल्या होत्या. साहेबांनी आपल्या नावाची सॅक उचलून पाठीवर घेतली, तर ती वाजली.

गाईडनं तपासणीचा तक्ता काढला. उभ्या ओळीत वस्तू, आडव्या ओळीत माणसं. "सगळ्यांनी आपापली सॅक उघडा आणि टॉर्च दाखवा."

कुणाचीच सॅक उघडेना. मी पुढं होऊन एक दोरी ओढली, ती आवळली. दुसरी ओढली, तीही आवळली. गाईड म्हणाला, "हटा, गाठ मला बघू दे." त्यानं आम्हाला शिकवलेल्या पाचही गाठी आठवून बघितल्या, ही सहावी निघाली. तो घामाघूम झाला. शेवटी त्यानं एका खिशातून चाकू काढला आणि आबांची दोरी कापली.

आत मोजे. त्यानं हात घातला, मोजे. आणखी खाली हात घातला, मोजेच.

"ही कुणाची सॅक आहे?"

"माझी," हिशेब विभागातले एक जण म्हणाले. "पण मी दोनच जोड दिले होते."

"टॉर्च कुठाय?"

आता मला कळलं. मी साहेबांना म्हणालो, "टॉर्च सगळे एका सॅकमध्ये आहेत, सर. ताटंही एका सॅकमध्ये आहेत. ती बहुतेक आपल्या पाठीवर आहे."

साहेबांनी खांदे हलवून बघितले. वाजली.

"आणि रेनकोट?" गाईडनं तक्त्यावर पेन टेकवून विचारलं.

"खोलीवर राहिले."

"हातमोजे? कानटोप्या?"

"तेही."

त्यानं पटापट फुल्या मारल्या. अकरा माणसं, तीन वस्तू. "डोंगरातलं हवामान सांगता येत नाही," तो साहेबांना म्हणाला. आभाळ धुतलेल्या परातीसारखं कोरडं होतं, सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

साहेब माझ्याजवळ आले. हळू आवाजात, त्यामुळं जास्तच लागेल असं म्हणाले, "अठरा वर्षं अशाच सॅक भरल्या का रे?"

तिथं मी काहीही सांगू शकलो असतो. हमाल चुकला, खोकी उशिरा आली, काहीही. पण शाळेतल्या सरांनी हेही शिकवलं होतं की उत्तर चुकलं असेल तर आडवी रेघ मारून सरळ खोडावं, गिरवत बसू नये. "सर, अनुभव घरातल्यांचा आहे. माझा नाही. हे आईनं बांधलंय. ती घोड्यावरची बांधणी आहे."

"घोड्यावरची." साहेबांनी माझ्याकडं, मग बाकीच्या नऊ माणसांकडं बघितलं. "बसा सगळे बसमध्ये. उशीर होतोय."

डोंगरातल्या त्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अंथरुणंवाले हलके होते, ते गाणी म्हणत पुढं गेले. तांदूळवाला मागं राहिला आणि ज्याच्या त्याच्या नावानं शंख करत राहिला. साहेब मधे, वाजत. मी सगळ्यात शेवटी, वीस लिटर पाणी पाठीवर घेऊन कमरेत वाकलेला. वाटेत ज्याला जे लागेल ते दुसऱ्याच्याच सॅकमध्ये निघायचं. एकाला टाचेला फोड आला तर औषधवाला पाऊण तास पुढं होता, आणि त्याला थांबवायच्या शिट्ट्याही त्याच्याकडंच होत्या.

दुपारी चारला आम्ही तळ्यावर पोचलो. तळं होतं. मोठंही होतं. त्याच्या तळाच्या गाळाला तळहात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि मधोमध एक वाळलेलं कासव होतं. गाईड काठावर उभा राहिला आणि खिसे चाचपू लागला, जणू पाणी एखाद्या खिशात राहिलं असावं.

"मागच्या कॅम्पला फुल होतं," तो म्हणाला.

"मागचा कॅम्प कधी?" साहेबांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली."

एकेकाची नजर माझ्या सॅककडं वळली. ती मी नुकतीच उतरवली होती आणि ती डुचमळत होती. मी दोरीचं टोक ओढलं, यावेळी बरोबर ओढलं गेलं, आणि गाठ एका हिसक्यात सुटली. साहेबांनी पहिला पेला घेतला. दुसराही घेतला. मी मोजत नव्हतो, पण कॅन मीच वाकवत होतो. त्या रात्री सगळ्यांना एकाच जागी बसून, एकाच पातेल्यातून खावं लागलं, कारण सामान दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं उघडतच नव्हतं.

सकाळी उरलेल्या कॅनमधलं पाणी घोटघोट वाटून आम्ही खाली उतरलो. बाकीचा कॅम्प साहेबांनी शहरातल्या एका हॉटेलच्या वातानुकूलित हॉलमध्ये घेतला. तिथं गाईडनं पडद्यावर जंगलाची छायाचित्रं दाखवली आणि निसर्ग आपल्याला काय शिकवतो ते सांगितलं. खिडकीतून हॉटेलचा पोहण्याचा तलाव दिसत होता. तो भरलेला होता. कारखान्याच्या लॉनसारखाच.

मार्चअखेर पत्रं आली. निकाल गाईडच्या तक्त्यावरून लावला होता. रेनकोट, हातमोजे आणि कानटोपी या रकान्यांत फुल्या होत्या. पाण्याच्या रकान्यात 'दोन बाटल्या, रिकाम्या' याच्यापुढं बरोबरची खूण होती, कारण रिकाम्या बाटल्या सॅकमध्ये होत्या. भरलेल्या कॅनला रकानाच नव्हता. चौघांपैकी ज्याच्या पाठीवर शिट्ट्यांची सॅक होती, तो पहिला कायम झाला. माझ्या पत्रात लिहिलं होतं, 'सूचनांचे पालन असमाधानकारक. अर्जातील माहिती अचूक नसल्याचे आढळले. शिकाऊ कालावधी सहा महिने वाढवण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही.

मी 'आभारी आहे' म्हणून पत्र घेतलं. हाकललं नाही हे काय कमी झालं?

रविवारी बिडकीनला गेलो. वाड्यावर मेंढरं बसलेली होती आणि प्लॉटवरचा वॉचमन आबांना शिट्टी वाजवून काहीतरी सांगत होता. माय ताक घुसळत होती. मी तिला पत्र वाचून दाखवलं, मग साध्या मराठीत पुन्हा सांगितलं.

"पाणी पुरलं का?" तिनं विचारलं.

"पुरलं."

"माणसं समदी आली माघारी?"

"आली."

"मंग?"

"मंग काय? कायम नाही केलं. प्रत्येकाचं सामान ज्याच्या त्याच्या सॅकमध्ये पाहिजे होतं. तू सगळं एकत्र बांधलंस."

"अकरा माणसांच्या अकरा चुली आसतात व्हय?" ती म्हणाली. चूक तिनं तेव्हाही मानली नाही, पुढंही कधी मानली नाही. दोरी कापली हे कळल्यावर मात्र तिला राग आला. "एका गाठीसाठी सुरी? हात नव्हते त्याला?"

"माय, सहा महिने वाढवलेत. अजून सहा महिने ते मला बघणार. मग ठरवणार."

तिनं रवी थांबवली. "सा महिने एका जागी म्हंजी लई झालं. आमाला ह्या जागंवरून परवा उठायला सांगितलंय त्यानं," तिनं वॉचमनकडं मान हलवली. मग म्हणाली, "त्यो सायेब तुला बघणार, तर तूबी बघ की त्याला. पाणी न बघता माणसं नेणारा गडी हाय. त्याच्या हाताखाली ऱ्हायचं का नाय, ते तू बी ठरव."

आबा मेंढरांकडून ओरडले, "आगं, त्याला ताक दे आधी! ठरवंल मागनं!"

मी सहा महिने साहेबांना बघितलं. त्यांनी आणखी एक कॅम्प घेतला, तोही कुणी बघून न आलेल्या जागी. त्या खेपेला मी यादीतलं सगळं यादीप्रमाणं भरलं, प्रत्येकाचं ज्याच्या त्याच्या सॅकमध्ये, रेनकोटासकट आणि दोन-दोन रिकाम्या बाटल्यांसकट. मार्गदर्शक सूचनांचे काटेकोर पालन, असा शेरा मिळाला आणि मी कायम झालो. मी काय बघितलं ते मायला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. तोवर दिवाळी होऊन वाडा पुन्हा निघाला होता, या खेपेला नदीच्या पलीकडं.